बरणीत मुरलेला उमेदवार

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी निरोपाचं भाषण केलं.

ठरवून नाही. जर्मनीत माणूस कामावर रुजू झाला की त्यानेच सगळ्यांसाठी केक न्यायचा असतो, आणि निवृत्त झाला तरी त्यानेच. त्याप्रमाणे मी सफरचंदाचा केक घेतला, श्टुटगार्टमधल्या ‘आयझेले लिफ्ट दुरुस्ती’ नावाच्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये टेबलावर ठेवला आणि सुरी उचलली. तेवढ्यात माझा डावा गुडघा ठणकला, डोळे भरून आले आणि तोंड आपलं आपण उघडलं.

“मंडळी,” मी म्हणालो, “चाळीस वर्षं झाली. खूप शिकलो. थोडं तुमच्यामुळे, बरंचसं तुम्ही असूनही. आता बागेत टोमॅटो लावणार. तुमची आठवण येईल असं म्हणत नाही, कारण मी खोटं बोलत नाही.”

माझं वय तेव्हा चोवीस होतं.

ऐकायला दोनच माणसं होती. एक मालकीणबाई, फ्राऊ आयझेले. पन्नाशी उलटलेल्या, सरळ पाठीच्या, कानामागे पेन्सिल. दुसरा मेकॅनिक ओर्हान, वडिलांच्या बाजूने तुर्की, पोटाच्या बाजूने जर्मन. तो ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं भाषण चांगलं झालं. मग कळलं, हेच भाषण त्याने गेल्या वर्षी याच टेबलाशी ऐकलं होतं. केकसुद्धा सफरचंदाचाच होता.

आता हे असं का झालं ते सांगतो.

मी श्रेणिक चौगुले, जयसिंगपूरचा. श्टुटगार्टमध्ये यंत्रविद्येचा कोर्स केला, चांगल्या मार्कांनी पास झालो, आणि युरोपातले सगळे तरुण जिथे येऊन थांबतात त्या दाराशी येऊन थांबलो. नोकरीसाठी अनुभव लागतो. अनुभवासाठी नोकरी लागते. मधल्या काळासाठी इंटर्नशिप नावाची सोय असते. माझी मैत्रीण जुईली नाबर, मूळची कुडाळची, तेव्हा चौथ्या इंटर्नशिपवर होती. पगार नव्हता, पण ऑफिसच्या टोपलीतलं एक फळ रोज घ्यायची परवानगी होती. दुसरं फळ अनुभवी लोकांसाठी.

सरकारांनी यावर तोडगा काढला तो असा. सायकल चालवायला आपण विसरत नाही, पण ती कशी चालवतो हे आपल्याला सांगता येत नाही. हातांचं हे शहाणपण लहान मेंदूत आणि मेंदूच्या खोलातल्या काही गाठींत साठतं, आणि ते पक्कं होतं झोपेत. दिवसा जे केलं त्याचा सराव मेंदू झोपेत पुन्हा पुन्हा चालवून बघतो. शास्त्रज्ञ म्हणाले, सराव चालवायचाच आहे तर तो स्वतःचाच कशाला हवा? मग निवृत्तीला आलेल्या कामगारांना शेवटचं वर्ष खास हातमोजे आणि एक टोपी घालून काम करायला लावलं. बोटांचा प्रत्येक दाब, मनगटाचं प्रत्येक वळण आणि त्या क्षणी मेंदूत उठलेली लहर, सगळं नोंदवलं. मग तरुणांना तशीच टोपी घालून झोपवायचं. चुंबकीय स्पंदनं त्यांच्या मेंदूत तोच सराव वाजवत राहतात. काही आठवड्यांत हातांची खात्री पटते की आपण जन्मभर हेच करत आलोय.

यंत्राला सरकारी नाव होतं, ते एका ओळीत मावत नसे. आम्ही मराठी पोरं त्याला बरणी म्हणायचो.

“काय रं, बरणीत जाऊन आलास का?”

“आलो की. मुरतोय.”

एवढंच बोलणं. पुढे योजनेचं यंत्रच उमेदवार आणि मालक यांच्या जोड्या लावायचं, आपल्याकडे वधूवर सूचक मंडळ लावतं तशा. मुलाखत नाही की काही नाही.

एकच गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली नव्हती. सगळ्या नोंदी निवृत्तीच्या शेवटच्या वर्षातल्या होत्या. मेंदू कसब वेगळ्या डब्यात आणि कंटाळा वेगळ्या डब्यात ठेवत नाही. पाना कसा धरायचा हे ज्या धाग्यात असतं, त्याच धाग्यात ‘आता फार झालं’ हेही असतं. त्यामुळे पोर्तुगालमध्ये बावीस वर्षांच्या शिक्षिका वर्गात “आमच्या वेळी” म्हणायला लागल्या. डेन्मार्कमध्ये नवे नर्स आणि वॉर्डबॉय पहिल्याच आठवड्यात पेन्शनची चौकशी करू लागले. युरोपातल्या तरुणांची बेकारी झपाट्याने कमी झाली, आणि तिच्याबरोबर तरुणही.

माझ्यात मुरलेल्या माणसाचं नाव गुप्त होतं. कायदाच तसा. ओर्हानने ते पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सांगितलं.

“तू सुरी पुसून खिशाला अडकवलीस ना, ती एगोनची सवय,” तो डोळे पुसत म्हणाला. “एगोन श्टॉट्झ. इथेच होता, चाळीस वर्षं. भावा, तू मला परत भेटलास.”

तेवढ्यात फ्राऊ आयझेले माझ्याजवळ आल्या. “कॉफीत दूध घेता?” त्यांनी विचारलं.

माझा घसा बंद झाला. दुखत नव्हता, खवखवत नव्हता, नुसता बंद. तोंड उघडलं तर हवा आली. मी ओर्हानकडे वळलो आणि माझ्या तोंडून स्वच्छ शब्द आले: “बाईंना सांग, दूध घालून.”

ओर्हानचा चेहरा उतरला. “नाही,” तो म्हणाला. “परत नाही. मला वाटलं होतं मी सुटलो.”

मग कळलं ते असं. एगोन आणि फ्राऊ आयझेले अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच गाडीत, कधीकधी एकाच लिफ्टच्या पाळण्यात. “त्याला सांग, पाना दे.” “तिला सांग, तिच्याच हाताशी आहे.” सगळे निरोप ओर्हानमार्फत. ओर्हानने या काळात लग्न केलं, घर घेतलं, दोन मुलं झाली. पण सुट्टीवर कधी गेला नाही. तो गेला असता तर धंदा बंद पडला असता.

बरणीने मला कसब दिलं होतं आणि वर अबोला फुकट दिला होता.

हे गमतीचं वाटत होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. योजनेत सहा महिन्यांची चाचणी होती. शेवटी मालक आणि उमेदवार यांनी समोरासमोर बसून बोलायचं, आणि तिथे मध्यस्थ चालत नाही असं नियमात ठळक लिहिलं होतं. बोलणं झालं नाही तर नोकरी पक्की नाही. नोकरी पक्की नाही तर राहण्याचा परवाना नाही. आणि परवाना नाही म्हणजे मी जयसिंगपुरात, जुईली श्टुटगार्टात आणि आम्ही बघून ठेवलेली दोन खोल्यांची जागा तिसऱ्याच कुणाच्या नावावर.

काम मात्र झकास चाललं होतं. लिफ्टच्या रुळावर तळहात ठेवला की कुठलं चाक झिजलंय ते हाताला कळायचं. ब्रेक उघडायचा, साफ करायचा, बसवायचा, तोवर मी मनात आईने पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा विचार करत असायचो. फ्राऊ आयझेले बाजूला उभ्या राहून बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, “हुबेहूब एगोन.” त्यात कौतुक होतं. मी मान हलवायचो. तेवढंच जमत होतं.

घरी वेगळी तऱ्हा. साडेआठला माझे डोळे मिटायचे.

“मेल्या, उठ,” जुईली म्हणायची. “बाहेर अजून ऊन आहे.”

“तरुण लोकांना काय, रात्रभर जागतात,” मी झोपेत पुटपुटायचो.

एके शनिवारी मी बाजारातून डोंगर चढायच्या दोन काठ्या आणि मातीचा एक दाढीवाला बुटका घेऊन आलो. हे बुटके जर्मन लोक बागेत ठेवतात. आमच्याकडे बाग नव्हती. मी तो फ्रिजवर ठेवला आणि मला फार बरं वाटलं.

जुईलीने बुटक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “श्रेणिक,” ती म्हणाली, “मला तुझ्याशी राहायचंय. सासऱ्याशी नाही.”

“नोकरी पक्की होऊ दे, मग सगळं—”

“नोकरी पक्की कशी होणार? त्या बाईशी तू बोलत नाहीस. माझ्याशी बोलतोस ते टोमॅटोबद्दल.” ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “भांडण कुणाचं आहे?”

“एगोनचं.”

“मग त्यालाच जाऊन विचार. त्याने मिटवलं की तुझंही मिटेल.”

इतका साधा उपाय मला सुचला नव्हता. पण माझ्यातल्या एगोनला कुणाकडे स्वतःहून जाणं आवडत नव्हतं, हे त्याचं कारण असावं.

एगोन श्टॉट्झ शहराबाहेरच्या टेकडीवर भाड्याच्या बागेत दिवसभर बसायचे. ओर्हानने पत्ता दिला. मी आणि जुईली फाटकाशी पोचलो तेव्हा एक उंच, वाकलेला म्हातारा टोमॅटोला काठी बांधत होता. त्याची गाठ मारायची पद्धत मी ओळखली. ती माझी होती.

“तुम्ही मला ओळखत नाही,” मी सुरुवात केली.

त्यांनी मला खालून वर बघितलं. मी डाव्या गुडघ्याला आराम द्यायला उजव्या पायावर उभा होतो. तेही तसेच उभे होते.

“अरे देवा,” ते म्हणाले. “गुडघापण नोंदवला त्यांनी?”

आम्ही हात मिळवला. दोघांनीही एकाच वेळी समोरच्याचं मनगट जरा वळवून सैल आहे का ते पाहिलं. जुईली तोंड फिरवून हसत होती.

“ही बाई कोण?” त्यांनी मला विचारलं.

“मीच सांगते,” जुईली म्हणाली. “मी याची मैत्रीण. तुम्ही फ्राऊ आयझेलेंशी का बोलत नव्हता?”

एगोननी आम्हाला बाकावर बसवलं, सफरचंदाचा रस दिला आणि सांगितलं.

श्टुटगार्टच्या बाजूला जुन्या इमारतींत जिन्याची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना त्याने झाडून पुसून काढायचा. एगोन दुसऱ्या मजल्यावर राहायचे, फ्राऊ आयझेले तिसऱ्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारी दोन माणसं तिथे जिना चढून राहात होती, याचं त्यांना काही वाटत नसे.

“अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी मी जिना झाडला,” एगोन म्हणाले. आवाज अजून थरथरत होता. “वरपासून खालपर्यंत. कोपऱ्यांत ब्रश घातला. कठडा पुसला. अर्ध्या तासाने दार उघडतो तर काय? ती झाडू घेऊन जिन्यावर. मी झाडलेला जिना ती पुन्हा झाडत होती.”

एक मधमाशी गेली.

“मग?” जुईलीने विचारलं.

“मग काय? संपलं.”

गंमत म्हणजे माझ्याही मुठी आवळल्या गेल्या होत्या. जयसिंगपूरच्या माझ्या घरात पुन्हा झाडलं तर आई दोन कौतुकाचे शब्द बोलली असती. पण त्या बाकावर बसून मला मनापासून वाटलं, की यापेक्षा मोठा अपमान माणसाचा माणसाने केला नसेल.

“तुम्ही तिला विचारलं नाहीत, का झाडतेस म्हणून?” जुईली म्हणाली.

“अशा गोष्टी विचारायच्या नसतात.”

“मी विचारते,” जुईली म्हणाली आणि तिने खरंच फोन लावला. तिला कुणाला काहीही विचारायला संकोच वाटत नाही. चार ठिकाणी फुकट काम केल्यावर माणसाचा संकोच जातो.

अर्ध्या तासात फ्राऊ आयझेले कंपनीच्या गाडीने टेकडीवर आल्या. बरोबर ओर्हान होता, सवयीने दोघांच्या मध्ये उभा राहिला.

“त्याला सांग,” बाई ओर्हानला म्हणाल्या, मग थांबल्या. त्यांनी ओर्हानला हाताने बाजूला केलं. “एगोन, माझ्या हातून जिरेनियमची कुंडी पडली होती. तू झाडून गेल्यावर. सगळ्या जिन्यावर माती झाली. मी माझी माती झाडत होते.”

एगोननी बराच वेळ टोमॅटोकडे पाहिलं. “कुंडी,” ते म्हणाले.

“लाल. मोठी.”

“आवाज आला नाही.”

“तू रेडिओ लावला होतास.”

“लावला असेन,” एगोन म्हणाले. मग त्यांनी बाईंना एक टोमॅटो तोडून दिला. झालं एवढंच. ओर्हान बागेच्या कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन करून इटलीची तिकिटं बघायला सांगत होता.

मी आनंदाने पुढे झालो. फ्राऊ आयझेले माझ्याकडे वळल्या. “अभिनंदन” म्हणायला मी तोंड उघडलं.

हवा आली.

सोमवारी मी बरणीच्या केंद्रावर गेलो. तिथल्या तंत्रज्ञ बाई माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी माझ्या मेंदूची नकाशावजा चित्रं पडद्यावर आणली आणि शांतपणे सांगितलं.

“श्टॉट्झ यांचं भांडण मिटलंय. तुमच्यात त्यांचं रेकॉर्डिंग आहे. रेकॉर्डिंगला कुणी कळवलेलं नाही.”

“म्हणजे हे भांडण आता फक्त माझ्याकडे आहे?”

“हो. जगात शेवटची प्रत.”

“तेवढंच काढून टाका.”

“कसब आणि राग एकाच धाग्यात आहेत. सगळं धुऊन काढता येतं. मग तुम्ही जसे आला होता तसे व्हाल.”

“बिनअनुभवी.”

“योजनेतून बाहेरही,” त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली. आठवण बाहेर काढली, म्हणजे मनापासून जागी झाली, की ती काही तास ओली असते, नुकत्याच ओतलेल्या सिमेंटसारखी. तेव्हा तिच्यात नवं काही मिसळतं आणि मग ती पुन्हा घट्ट होते. म्हणून फ्राऊ आयझेलेंसमोर वेगळं काहीतरी व्हायला हवं, तुमचं स्वतःचं.

“काय व्हायला हवं?”

“ते आमच्याकडे नोंदवलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

मी प्रयत्न केले. बाईंना फुलं दिली, ओर्हानच्या हातून. त्यांच्यासमोर बसून मनात णमोकार मंत्र म्हटला. मनातल्या मनात छान जमला. जुईलीने घरी त्यांच्यासारखी कानामागे पेन्सिल खोवून माझा सराव घेतला. तिच्याशी मी फर्डं बोलत होतो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पुन्हा हवा. सहा महिने संपत आले. दोन खोल्यांचा घरमालक हो की नाही विचारत होता. जुईलीने पाचव्या इंटर्नशिपचा अर्ज पाठवला आणि मला काही म्हणाली नाही. ती काही म्हणत नाही तेव्हा मला भीती वाटते.

असं चाललेलं असताना आम्ही वृद्धांच्या एका वसाहतीतली लिफ्ट तपासायला गेलो. ओर्हान इटलीत होता, म्हणून मी आणि फ्राऊ आयझेले दोघंच. दोघंही पूर्ण शांत. सगळं ठीक होतं. माझ्या हाताने शेवटी कंट्रोल पेटीत दार मिटायची वेळ लावली, नेहमीसारखी, झटकन मिटणारी. एगोनना दाराशी ताटकळणं आवडत नसे. त्यांच्या हाताखालून गेलेली शहरातली प्रत्येक लिफ्ट घाईत असायची.

चाचणीसाठी मी आत उभा राहिलो. बाहेरून एक आजी चाकांच्या आधारकाठीने येत होत्या, एका पावलात अर्धी फरशी. चाकं आत आली आणि दारांनी त्यांना दोन्हीकडून पकडलं. दारं उघडली, मिटली, पुन्हा पकडलं. आजी काही बोलल्या नाहीत. रोजचंच असावं. त्या फक्त मागे सरकल्या आणि जिन्याकडे बघू लागल्या.

मी पेटी उघडली. माझ्या हाताला ते आवडलं नाही. बोटं स्क्रूवर जाऊन थांबली, जशी दुसऱ्याच्या खिशात जाताना थांबावीत. मी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि वेळ वाढवली. चांगली दुप्पट. हे काम चाळीस वर्षांत त्या हाताने कधीच केलं नव्हतं. वाकडंतिकडं झालं, पण झालं.

फ्राऊ आयझेले आल्या. त्यांनी पेटीत पाहिलं, जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि वेळ होती तिथे परत आणून ठेवली.

“एगोन इथेच ठेवायचा,” त्या म्हणाल्या.

आणि माझं डोकं सणकलं. हा राग मला अनोळखी होता. एगोनच्या रागाला हा मुद्दा माहीतच नव्हता. एगोन तर बाईंच्या बाजूने होते. घशातला बंद दरवाजा त्यांचा होता, त्यांच्या कामासाठी राखलेला. हा राग दुसऱ्याच वाटेने आला आणि सरळ बाहेर पडला.

“एगोनना चालता येतं!” मी ओरडलो.

बाई दचकल्या.

“त्यांना आत यायला दोन पावलं लागतात, या बाईंना वीस! ही लिफ्ट कुणासाठी आहे? जे जिन्याने जाऊ शकतात त्यांच्यासाठी?”

“चाळीस वर्षं तक्रार आली नाही.”

“तक्रार करायला वर ऑफिसात जायला लागतं! कसं जाणार?” जर्मन भाषा मला इथपर्यंतच पुरली. पुढचं मराठीत आलं. “अहो बाई, लिफ्टचं दार हाय का अडकित्ता? म्हाताऱ्या माणसांना सुपारीगत कातरताय! आणि सारखं एगोन, एगोन! मी श्रेणिक हाय! मला हितं कुणी श्रेणिक म्हणून हाक मारलीय का एकदा तरी? गुडघा सुदिक माझा न्हाई!”

त्यांना एक शब्द कळला नसणार. पण त्या पेन्सिल कानामागून काढून, हातात धरून, लक्ष देऊन ऐकत होत्या. आमच्याकडे भांडणात माणूस असं ऐकून घेत बसत नाही, मध्ये बोलतो. मला जरा अडचणीचंच झालं.

“तुम्ही बोललात,” त्या म्हणाल्या.

“मी ओरडतोय!” मी पुन्हा जर्मनवर आलो.

“तेच. एगोन अकरा वर्षांत एकदा ओरडला असता तर बरं झालं असतं.” मग त्यांचाही आवाज चढला. “आणि तुम्हीसुद्धा ऐका! सहा महिने तुम्ही माझ्यासमोर माशासारखं तोंड उघडून मिटताय. मला काय वाटत असेल? एक गेला, दुसरा आला, आणि तोही माझ्याकडे पाठ फिरवून उभा! मी इतकी वाईट आहे?”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. “नाही,” मी म्हणालो. “तुम्ही कुंडी पाडली होती, एवढंच.”

त्या हसल्या असाव्यात. खात्रीने सांगता येत नाही, हसू पेन्सिलीमागे होतं. त्यांनी पेटी उघडली, स्क्रू माझ्यासमोर धरला. “लावा मग. किती?”

मी हात पुढे केला. हाताला काहीच सांगता येईना. तळहात गार पडला होता. स्क्रू किती वळवला की किती वेळ, हे सकाळपर्यंत बोटांना पाठ होतं, आणि आता तिथे नुसती बोटं होती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “आत्तापर्यंत माहीत होतं. गेलं वाटतं. कसं ठरवायचं ते सांगाल का?”

फ्राऊ आयझेलेंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, झालं, अनुभव गेला, आता परवाना, आता जयसिंगपूर.

“आजींना विचारा,” त्या म्हणाल्या.

आम्ही आजींना पुन्हा यायला सांगितलं. त्या आल्या, त्यांच्या पावलाने. मी स्क्रू थोडा वळवला, दार त्यांच्या चाकाला लागलं, आणखी वळवला. पुन्हा बोलावलं. आजींना यात मजा यायला लागली. तिसऱ्या खेपेला त्या मुद्दाम मध्येच थांबून पिशवीत चष्मा शोधू लागल्या. दार थांबलं.

“एगोनला हे बघवलं नसतं,” बाई म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणालो, आणि तो शब्द घशातून अगदी सरळ गेला.

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. “समोरासमोर बोलणं झालं. मध्यस्थ नव्हता. नियमाप्रमाणे आहे.” आणि थोडं थांबून, एकेक अक्षर जपून उचलत: “श्रे-णिक. सोमवारी सातला. अनुभव नाही, असं कळवते मी योजनेला. तरी घेतलंय म्हणून सांगते.”

युरोपात बऱ्याच वर्षांत अनुभव नसलेल्या माणसाला मिळालेली ती पहिली नोकरी असावी. योजनेच्या यंत्राला त्यासाठी नवा रकाना करावा लागला असं नंतर ऐकलं.

बाई गाडीकडे गेल्या. मी वसाहतीच्या पायऱ्यांवर बसून जुईलीला फोन केला. माझा आवाज ऐकूनच तिने विचारलं, “बोललास?”

“ओरडलो. अर्धं मराठीत.”

“आणि?”

“नोकरी पक्की. पण अनुभव गेला. सगळा नाही, पण बराच. सोमवारपासून पाना कसा धरायचा तेसुद्धा विचारावं लागणार.”

मागे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते.

“मग आता तुला नक्की येतं काय?” तिने विचारलं.

मी प्रामाणिकपणे विचार केला. “भांडायला,” मी म्हणालो.

“ते माझ्याकडे शिकलास,” जुईली म्हणाली. “त्या घरमालकाला हो म्हणून सांग. आणि थांब जरा, मीपण आमच्या साहेबांकडे पगाराचं बोलून येते.”

तिने फोन ठेवला नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग तिची पावलं, मग कुठलं तरी दार न ठोठावता उघडल्याचा.